जबड्याखालचा खडा आणि यवतेश्वरचा घाट

दुखणं जेवणाशीच बांधलेलं असलं की माणूस हळूहळू जेवणालाच घाबरायला लागतो, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. डाव्या जबड्याखाली, हनुवटी आणि कान यांच्या साधारण मध्यावर, पहिला घास तोंडात गेला की आत काहीतरी ताणलं जायचं, दोन-तीन मिनिटांत तिथे टणक गोळा यायचा आणि असा ठणका लागायचा की भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. तासाभराने सूज आपोआप उतरायची, संध्याकाळी जेवायला बसलं की परत तेच. आंबट असेल तर जास्त. कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली, नुसता वास आला, तरी कळ यायची, घास तोंडात जायच्याही आधी.

मी साताऱ्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते, रविवारी यवतेश्वरचा घाट. चाळिशी उलटल्यावर शुगर बॉर्डरवर आली तेव्हा चालणं सुरू केलं, मग त्यात मैत्रिणी मिळाल्या, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची बदली, कोणाचे गुडघे, सगळं त्या चढावर बोललं जातं. त्यामुळे हे दुखणं सुरू झाल्यावर मला सगळ्यात जास्त काळजी कसली वाटली असेल तर चालणं बंद पडेल याची. दवाखान्यात काय करायचं ते डॉक्टर सांगतात, पण बाकीचे तेवीस तास त्या दुखऱ्या जबड्यासकट उठायचं, चालायचं, शिकवायचं, स्वयंपाक करायचा, ते कसं, हे कोणी सांगत नाही. म्हणून लिहितेय.

सुरुवातीला जो तो आपापलं निदान सांगत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या गालगुंड. गालगुंड कानाच्या खाली-पुढे सुजतं, ते विषाणूने होतं, ताप येतो, आणि ते जेवणाच्या वेळेला येऊन तासाभरात निघून जात नाही. स्टाफरूममध्ये म्हणाले अक्कलदाढ. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावला, गार वाटलं, खरंच बरं वाटलं तेवढा वेळ. आणि थोरल्या जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत, नुसता हात लावून बघितला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तोंडात, गळ्याशी गाठ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या मनात एकच येतं, कारण तंबाखू-मिश्रीने गेलेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरात, निदान गल्लीत तरी असतंच. मी कधी मिश्री लावली नाही पण भीती काही असलं विचारून येत नाही. त्या रात्री मी झोपले नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ग्लोव्ह घालून एक बोट माझ्या जिभेखाली घातलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली लावली, आणि मधला भाग दोन्हीकडून चाचपत मागून पुढे आले. मध्येच थांबले. "हा बघा, हाताला लागतोय," म्हणाले. सोनोग्राफीत आलं की लाळेच्या नळीत सहा मिलिमीटरचा खडा आहे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. तेवढ्यासाठी अख्खा जबडा.

आता मी पचनसंस्थेचा धडा वर्षानुवर्षं शिकवलेला आहे. लाळग्रंथींच्या तीन जोड्या, लाळेतलं टायलिन हे पाचक द्रव्य, त्याने पिष्टमय पदार्थाचं होणारं माल्टोज म्हणजे साखर, मुलांना कोरडा भाकरीचा तुकडा खूप वेळ चावायला लावते आणि विचारते गोड लागतंय का. पण धड्यात नसतं ते असं, की या तीन जोड्यांपैकी जबड्याखालची जी जोडी आहे तिच्यातच खडे सगळ्यात जास्त होतात, दहातले आठ तरी तिथेच. कारण तिथली लाळ जास्त चिकट असते, तिच्यात कॅल्शियम जास्त असतं, आणि तिची नळी साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि खालून वर जाणारी. ग्रंथी खाली जबड्याच्या आत आणि नळीचं तोंड वर, जिभेच्या खाली मध्यभागी जो पडदा असतो त्याच्या बाजूला. आरशासमोर जीभ वर करून बघा, दोन बारीक टिंबं दिसतील, ती त्या दोन नळ्यांची तोंडं. थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६५६ साली या नळीचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. इतक्या लांब, वर जाणाऱ्या नळीत लाळ जरा जरी साचली, घट्ट झाली, तर कॅल्शियम फॉस्फेटचे कण बसत जातात, थरावर थर, आणि खडा होतो. जेवायला बसलं की ग्रंथी जोरात लाळ सोडते, पुढे वाट अडलेली, मग ती मागे तुंबते आणि फुगते. आणि लोणच्याच्या वासाचं म्हणाल तर पावलॉव्हने कुत्र्यांवर केलेले प्रयोग आपण शिकतो ते हेच, खायचं आहे एवढं मेंदूला कळलं की लाळ सुरू. मला ते माझ्या जबड्यावर रोज कळत होतं.

तर चालणं. डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, ताप नसेल, त्वचा लाल नसेल, तर खुशाल चाला, फक्त कोरड्या तोंडाने चालू नका. हे एकच वाक्य, पण त्याच्यामागे बरंच काही आहे. झोपेत लाळ जवळजवळ बंद असते. म्हणजे रात्रभर नळीत जे काही आहे ते तिथेच बसून. पहाटे उठून आपण तसंच चढायला लागतो, चढावर धाप लागली की तोंडाने श्वास सुरू होतो, घाम जातो, आणि शरीर जोर लावत असतं तेव्हा लाळ कमी आणि घट्ट सुटते. वर जाऊन खाली येईपर्यंत तोंड असं चिकट होतं की जीभ टाळूला लागते. आणि मग खाली उतरून लगेच गरमागरम पोहे, वर लिंबू पिळलेले. म्हणजे रात्रीपासून जी लाळ साचून घट्ट झालीय तिला एकदम जोरात ढकलायचं. सकाळचा पहिला घास सगळ्यात जास्त का दुखतो याचा उलगडा मला तेव्हा झाला.

पाणी पीत जा असं सगळेच सांगतात. पण बायका सकाळी पाणी का पीत नाहीत याचा विचार कोणी करत नाही. आमच्या ग्रुपमधली एकही बाई घरून निघताना घोटभराच्या वर पाणी पीत नव्हती, कारण वाटेत जायचं कुठे. पुरुष आडोसा बघतात. आपण दोन-अडीच तास कळ काढायची किंवा पाणीच प्यायचं नाही, आणि आपण दुसरं निवडतो, शाळकरी वयापासून. शाळेतल्या मुली दप्तरातली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी नेतात, मी बघते ना रोज, आणि शिक्षिकाही तेच करतात, सहा-सहा तास बोलायचं आणि चहाशिवाय घशाखाली काही नाही. एसटीने रोज जा-ये करणाऱ्या बायकांचं विचारूच नका. मुंबईत बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणून मोहीम चालवली तेव्हा काही लोक हसले होते, मला त्यात हसण्यासारखं तेव्हाही काही दिसलं नव्हतं. पाणी कमी प्यायलं म्हणूनच खडा झाला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण झालेल्या खड्यामागे लाळ घट्ट होऊन अडायची नसेल तर पाणी लागतंच, आणि ते प्यायचं तर जायला जागा लागते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आम्ही काय केलं, वाट बदलली. ओळखीच्या एका घरातल्या काकूंना विचारलं, सकाळी येताना-जाताना तुमचं बाथरूम वापरलं तर चालेल का, त्या म्हणाल्या विचारता काय, दार उघडंच असतं. तेवढ्यावर आमच्या सगळ्यांचं पाणी पिणं बदललं, माझ्या एकटीचं नाही.

बाकी माझी रीत अशी बसली. उठल्यावर कोमट पाणी, सावकाश, एकदम लिटरभर ढोसायचं नाही. मग गरम पाण्यात फडका पिळून जबड्याखाली शेक. मग मसाज, आणि हा मसाज नीट कळायला मला वेळ लागला म्हणून सविस्तर लिहिते. बोटं जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला, कानाकडच्या टोकाला ठेवायची आणि हलक्या दाबाने पुढे हनुवटीकडे आणायची, नेहमी मागून पुढे, उलट नाही, कारण लाळेची वाट तशीच आहे. जोर लावायचा नाही. तीन-चार वेळा केलं की कधीकधी जिभेखाली एकदम खारट, चिकट असं काहीतरी सुटायचं आणि त्याच क्षणी जबड्यातला ताण सैल पडायचा. ज्याला हे दुखणं आहे त्यालाच कळेल तो खारटपणा किती हवाहवासा वाटतो.

आणि मग आमसुलाचा बारीक तुकडा. आंबटाने लाळ सुटते आणि वाहती लाळ नळी धुवून काढते, पण हे सगळं सूज उतरलेली असताना आणि वाट थोडी तरी मोकळी असताना. ठणका चालू असताना आंबट चघळलं तर मागून लोंढा येतो आणि पुढे दार बंद, जीव नकोसा होतो. दिवसभर लिंबाच्या गोळ्या चघळत राहिलं तर दातांचं आवरण झिजतं, म्हणून नंतर साध्या पाण्याची चूळ भरायची.

चढावर पाण्याची छोटी बाटली हातात. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली की निघत नाही, हातात असली की दर वळणाला घोट जातो. आणि श्वास नाकाने होईल एवढाच वेग. हे मला जड गेलं कारण मी भरभर चालणारी, पण बोलता येईल, नाकाने श्वास घेता येईल असा वेग ठेवला तर तोंड कोरडं पडत नाही, आणि शुगरसाठी तेवढं चालणं पुरतं. धावणं मी काही महिने सोडलं, विशेषतः उतारावरचं, कारण सूज असताना प्रत्येक पावलाचा दणका तिथे जाऊन बसायचा. सर्वांगासन बंद केलं, त्यात हनुवटी छातीला लागते आणि नेमकी तीच जागा दाबली जाते. सूर्यनमस्कारात खाली वाकल्यावर ठसठसायचं, मग दुखऱ्या दिवशी नुसती ताडासन-त्रिकोणासनं. भस्त्रिकाने तोंड कोरडं पडतं असं वाटलं, तीही ठेवून दिली. आणि हेल्मेट! स्कूटीवरून शाळेत जाताना हेल्मेटचा पट्टा बरोब्बर ग्रंथीवर बसायचा. हेल्मेट तर काढायचं नाही, मग पट्ट्याला मऊ सुती कापडाची घडी गुंडाळून टाके घातले आणि बक्कल एक बोट सैल केलं, त्याहून जास्त नाही. असली गोष्ट कुठल्या डॉक्टरांच्या कागदावर येणार?

औषधांचंही बघावं लागतं. सर्दीला आपण सर्रास सेट्रिझिन घेतो, त्या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं होतं. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या, त्यांनीही. म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या असं अजिबात नाही, पण डॉक्टरांना सगळी यादी दाखवायची. आणि पथ्य म्हणून टोमॅटो, पालक, दूध सोडा असं मला निदान डझनभर लोकांनी सांगितलं, ते मूतखड्याचं ऐकलेलं असतं. मूतखडे बहुतेक ऑक्झलेटचे, हे फॉस्फेटचे, दूध प्यायल्याने लाळेत खडा होत नाही. चाळिशीपुढच्या बाईने दूध सोडलं तर हाडांचं काय व्हायचं ते वेगळंच.

पावसाळ्यात मात्र पू झाला. एका दिवशी सूज उतरलीच नाही, संध्याकाळी थंडी वाजून ताप, जबड्याखालची कातडी लाल आणि गरम, आणि जिभेखाली कडवट घाण चव. हा वेगळा प्रकार आहे आणि हे वेगळं ओळखता आलं पाहिजे, यासाठीच खरं तर हा लेख. जेवणाला येणारी-जाणारी सूज घेऊन चालता येतं. तापाच्या सुजेला घरी बसायचं, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा, दोन गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, आणि अंग मोडून आलेलं असताना "जरा चालून आलं की मोकळं वाटेल" असं म्हणायचं नाही. गिळायला त्रास व्हायला लागला, जिभेखालचा भाग वर उचलल्यासारखा सुजला, तोंड उघडेना, आवाज बदलला किंवा श्वासाला जड वाटलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा, कारण तो संसर्ग गळ्यात खाली पसरला तर जिवावर बेततं. आणि जी गाठ जेवणाशी संबंध न ठेवता तशीच राहते, न दुखता वाढत जाते, ती तर नक्कीच दाखवायची. न दुखणाऱ्या गाठीला आपण सोडून देतो, ते उलटं आहे.

त्या वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मी नाव दिलं होतं. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत खाली. अँटिबायोटिक नुकतं संपलं होतं, अंगात ताकद नव्हती, नाही गेले. त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. आमच्या ग्रुपमधल्या दोघी गेल्या, त्यांना घाटात ओरडून ओरडून चिअर केलं.

जेवणाबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. दुखण्याच्या काळात मी चारचौघांत जेवणं टाळायला लागले होते. स्टाफरूममध्ये डबा उघडायचा, दुसऱ्या घासाला चेहरा वाकडा, मग सगळ्यांचे प्रश्न. त्यापेक्षा नकोच म्हणून मी दुपारी नुसता चहा घ्यायला लागले, वजन उतरलं, आणि न खाल्ल्याने लाळ अजूनच कमी वाहायची, म्हणजे दुखणं वाढायला मदतच. हे चक्र मोडलं ते चालण्यामुळेच. टेकडीवर कोणी चेहऱ्याकडे बघत नाही, सगळे पुढे बघून चालत असतात, तिथे एकीला सांगितलं, मग सगळ्यांना कळलं, आणि खाली उतरल्यावर पोह्यांच्या गाडीवर त्या माझ्यासाठी थांबायला लागल्या. माझी बशी आधी, बिनलिंबाची, मी पहिले चार घास अगदी बारीक घेणार, मध्येच जबडा धरून बसणार, आणि कोणी "काय झालं, काय झालं" करणार नाही. एवढ्यावर मी परत माणसांत जेवायला लागले.

दिवाळीनंतर खडा काढला. पूर्वी अशा वेळी बऱ्याचदा अख्खी ग्रंथीच काढायचे, बाहेरून छेद देऊन, आणि तिथूनच ओठाचा कोपरा हलवणारी नस जाते म्हणून धाकधूक. आता बारीक खड्यांसाठी दीड मिलिमीटरच्या आसपासची दुर्बीण नळीतून आत घालतात, पुण्या-मुंबईत हे होतं. माझा खडा दुर्बिणीच्या जाळीतून निघण्याएवढा लहान नव्हता, पण तोंडातून हाताला लागत होता, म्हणून जागा बधिर करून जिभेखाली छोटा छेद देऊन काढला, त्याच दिवशी घरी. डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये दाखवला, पिवळसर, खडबडीत. टाके मुद्दाम घातले नाहीत, लाळेला वाट राहावी म्हणून. चार-पाच दिवस मऊ भात, गार ताक, जीभ जड. आठवड्याने हळूहळू अजिंक्यतारा, महिन्याभराने घाट.

ग्रंथी अजून थोडी निबर आहे, खडा परत होऊ शकतो असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे पाणी, मसाज, हातातली बाटली चालूच आहे. यंदाच्या मॅरेथॉनला परत नाव देणार आहे, चालत का होईना पूर्ण करायची.

आणि थोरल्या जाऊबाई. परवा बोलता बोलता म्हणाल्या, मला भाकरी पाण्याशिवाय गिळवतच नाही, डोळ्यांत सारखं खुपतं, आणि मध्येमध्ये दोन्ही गाल सुजतात, तुझ्यासारखाच खडा असेल का गं. तोंड कोरडं, डोळे कोरडे आणि दोन्ही बाजूंना सूज, हे खड्याचं लक्षण नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते असा एक आजार आहे, स्योग्रेन म्हणतात त्याला, बायकांमध्ये जास्त दिसतो, सांधेही दुखतात त्यात. त्यांचे सांधे कित्येक दिवस दुखतायत आणि घरात सगळे म्हणतात वय झालं. तो आजारच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील, रक्त तपासतील. गुरुवारची वेळ घेतलीय, शाळेत अर्धी रजा टाकून मीच घेऊन जाणार आहे त्यांना.